अनुकूल बाजूची वैशाली

वैशालीनं भाषणाच्या मध्यावर बाजू बदलली तेव्हा मी चौथ्या रांगेत बसलो होतो. शेजारी आमचे प्राचार्य होते. ते माझ्याकडे झुकून म्हणाले, “सर, ही आपल्याच विरुद्ध का बोलायला लागली?”

माझं लक्ष परीक्षकांकडे होतं. व्यासपीठासमोर तीन परीक्षक बसले होते, त्यातल्या मधल्यांनी पेन खाली ठेवलं. परीक्षकानं पेन ठेवलं की त्या स्पर्धकाचं संपलं, हे मला एवढ्या वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं.

ज्यांनी वादविवाद स्पर्धा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रत्येक कॉलेजचे दोन स्पर्धक असतात. एक विषयाच्या बाजूनं बोलतो, तो अनुकूल. दुसरा विरोधात, तो प्रतिकूल. कोण कुठल्या बाजूनं बोलणार हे एंट्री पाठवतानाच कळवावं लागतं. दोघांच्या गुणांची बेरीज ज्या कॉलेजची जास्त, त्याला फिरता करंडक. आणि नोंदवलेल्या बाजूच्या उलट बोललात तर तुम्ही बाद, तुमच्याबरोबर टीमही बाद. हा नियम मोडलेला मी तोवर पाहिला नव्हता. मोडायला मुलांकडे स्वतःचं मत असावं लागतं, आणि ती सोय आम्ही ठेवलेलीच नव्हती.

आम्ही म्हणजे मराठीचे प्राध्यापक. भाषण आम्ही लिहायचं, मुलांनी पाठ करायचं. कुठल्या वाक्याला आवाज खाली आणायचा, कुठं उजवा हात उचलायचा, हेही आम्हीच सांगायचं. कोल्हापुरात त्या काळी बहुतेक ठिकाणी हीच पद्धत होती. मी आज अनुकूल भाषण लिहायचो आणि उद्या प्रतिकूल, दोन्ही सारख्याच तळमळीनं. खरं सांगायचं तर मी दमलो होतो. माझीच वाक्यं दरवर्षी नव्या तोंडातून ऐकून मला त्यांचा वीट आला होता.

त्या वर्षीचा विषय होता, ‘दूरचित्रवाणी मालिकांमुळे आपली संस्कृती धोक्यात आली आहे’. केबल तोवर खेडोपाडी पोचली होती आणि संध्याकाळ झाली की घरोघर सासू-सुनांची भांडणं सुरू व्हायची, म्हणजे टीव्हीवरची. करंडक आम्ही लागोपाठ दोनदा जिंकला होता. तिसऱ्यांदा जिंकला की तो कायमचा आमचा. प्राचार्यांनी केबिनमधल्या काचेच्या कपाटात त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती.

वैशाली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. शिरोळ तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीनं यायची. वडील साखर कारखान्यात कामाला, आई दुसऱ्याच्या उसात भांगलायला, म्हणजे तण काढायला जायची. ती माझ्या नजरेत आली ते एका व्याख्यानामुळे. शहरातल्या व्याख्यानमालेला मी मुलांना घेऊन जायचो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात प्रत्येकाला उठून प्रतिक्रिया द्यायला लावायचो. त्या वर्षी पुण्याहून एक विचारवंत आले होते. पूर्वी तिन्हीसांजेला घरात दिवा लागायचा, आता टीव्ही लागतो, असं त्यांचं एकूण म्हणणं होतं. वर्गातल्या मुलांनी तेच मला परत ऐकवलं. प्रशांत म्हणून आमचा एक हुकमी वक्ता होता, त्यानं ‘विचारप्रवर्तक’ हा शब्द तीनदा वापरला.

मग वैशाली उठली. “पावणं बोलले झ्याक, सर. खरं त्यांच्या घरात सैपाक कोण करतंय ते काय सांगितलं न्हाई.”

वर्ग हसला. मीही हसलो, आणि त्याच दिवशी तिला टीममध्ये घेतलं. आवाज असा होता की माइक नसता तरी चाललं असतं.

बाजू ठरवताना मी फार विचार केला नाही. संस्कृतीची बाजू साडी नेसलेल्या मुलीनं मांडली की परीक्षक खूश होतात. म्हणून वैशाली अनुकूल, प्रशांत प्रतिकूल. एंट्री पाठवून दिली.

तिच्यासाठी ही स्पर्धा नुसती स्पर्धा नव्हती. वडिलांनी बजावलं होतं, हे वर्ष झालं की कॉलेज बास. पोरगी रोज अंधार पडल्यावर घरी येते, लोक बोलतात. कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात राहायला मिळालं तर मात्र त्यांची हरकत नव्हती. वसतिगृह भरलेलं होतं. एक जागा तेवढी प्राचार्यांच्या हातात असायची, खेळ नाहीतर वक्तृत्व गाजवणाऱ्या मुलीसाठी. मी शब्द टाकला. प्राचार्य म्हणाले, “करंडक आणा, जागा देतो.”

प्रॅक्टिस सुरू झाली. चार-पाच दिवसांत तिचं सगळं पाठ झालं, पण एका परिच्छेदापाशी येऊन ती रोज थांबायची. दिवेलागणीला घरातली स्त्री देवापुढं न बसता पडद्यापुढं बसते, असं ते वाक्य होतं. तिथं हात उचलायचा होता.

“सर, ह्ये मला म्हणाय येत न्हाई.”

“का? पाठ होत नाही?”

“पाठ हाय. खरं आमची आई बसती, ती त्या मालिकेला तेवढीच बसती. टीव्ही आणायच्या आदी मी तिला बसलेलं बगितलंच न्हाई.”

मी प्रशांतला विचारलं, बाजू बदलशील का. त्याची ना नव्हती. मग संयोजकांना फोन केला. ते म्हणाले, एंट्री बंद झाली, नावं छापायला गेली. मी वैशालीला म्हटलं, “पाच मिनिटांचा प्रश्न आहे. बोल आणि खाली ये. वसतिगृह डोळ्यांसमोर ठेव.”

“व्हय सर. बोलतो मी,” ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली स्वतःला असंच म्हणतात.

आणि ती बोललीही असती. पण परतायला उशीर होणार म्हणून वडिलांनी सोबत आईला पाठवलं होतं, आणि हे मला माहीत नव्हतं. आई मागच्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

वैशालीची पहिली दोन मिनिटं उत्तम गेली. मग ते वाक्य आलं. “दिवेलागणीला घरातली स्त्री देवापुढं न बसता पडद्यापुढं बसते.” हात ठरल्याप्रमाणे वर गेला आणि तिथंच राहिला. तिची नजर मागच्या रांगेवर होती.

“बसती,” ती म्हणाली. “बसू दे की. दिवसभर वाकून भांगलून आलेली बाई अर्धा तास बसली तर संस्कृती बुडती व्हय? ती मालिका बगत न्हाई ओ. तिला त्यातल्या एकीचंबी नाव सांगता येत न्हाई. ती नुसती बसती. घरात सगळे टीव्ही बगत असत्यात, म्हणून तेवढा येळ तिला कोण पाणी मागत न्हाई, च्या मागत न्हाई. व्याख्यानात सांगत्यात, पूर्वी घरात लई संवाद व्हता. व्हता की. ‘वाढ’ आनि ‘आण’, एवढाच व्हता.”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. परीक्षकांनी मान वर केली नाही. शेवटची घंटा झाली तरी ती आणखी एक वाक्य बोलली आणि खाली आली. मला भीती वाटत होती आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं. किती तरी वर्षांनी मी एखादं भाषण पुढचं वाक्य माहीत नसताना ऐकलं होतं.

निकाल सांगताना मुख्य परीक्षक म्हणाले, “एका संघाला नियमाप्रमाणे बाद करावं लागलं आहे. स्पर्धकांनी आपली बाजू कोणती, हे विसरू नये.” प्रशांतचं भाषण बिनचूक झालं होतं, तेही वाया गेलं.

जिन्यात आई भेटली. “सर, तिचा नंबर गेला?”

“गेला.”

“माजं सांगितलं म्हनून गेला का?”

मी तिला अनुकूल, प्रतिकूल, एंट्री, सगळं समजावून सांगितलं. तिनं मान डोलवली. तिला माझं काहीही पटलेलं नाही, हे दिसत होतं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो.

“सर, जागेचं काय?”

“कसली जागा?”

“वैशालीची. मुलगी उत्तम बोलली. तुम्ही स्वतः ऐकलंत.”

“उत्तमच बोलली. पण वसतिगृहाच्या कमिटीला काय सांगू? बाद झालेल्या मुलीला जागा दिली म्हणून?”

त्यांचंही चुकत नव्हतं. आठवड्यानं पुन्हा गेलो, तेव्हा जागा एका कबड्डीपटू मुलीला देऊन झाली होती. जूनमध्ये वैशाली आली नाही. तिनं बहिःस्थ म्हणून नाव घातलं, म्हणजे घरी बसून अभ्यास करायचा आणि परीक्षेपुरतं यायचं.

त्या हिवाळ्यात दुसऱ्या एका कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेची सूचना आली. विषय पुन्हा संस्कृतीच. प्रशांतला मी म्हटलं, या वेळी माझ्यानं लिहिणं होणार नाही. तो म्हणाला, “काळजी करू नका सर, मी माझं तयार केलंय.” मला बरं वाटलं.

स्पर्धेच्या दिवशी तो उभा राहिला आणि म्हणाला, “टीव्ही घरात येईपर्यंत मी माझ्या आईला कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.” पुढचं सगळं वैशालीचंच होतं, फक्त भाषा शुद्ध केलेली. ‘वाढ’ आणि ‘आण’ पाशी आवाज खाली आणला, हातही बरोबर जागी उचलला. पहिला नंबर आला. परीक्षकांनी अनुभवाच्या सच्चेपणाचा खास उल्लेख केला.

परतताना मी म्हटलं, “प्रशांत, ते वैशालीचं भाषण होतं.”

“हो सर.”

“तुला काही वाटलं नाही?”

त्याला खरोखरच कळेना मी काय विचारतोय. “सर, तुमचं म्हणत होतो तेव्हा चालत होतं की.”

पोरगा वाईट नव्हता. त्याला तीन वर्षं आम्हीच तयार केलं होतं.

मार्चमध्ये वैशाली परीक्षेला आली. पेपरच्या आधी पोर्चमध्ये भेटली. तिला कुठून तरी कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून मी सांगितलं. ती रागवेल असं वाटलं होतं. तिनं नीट ऐकून घेतलं.

“आईचं पण सांगितलं त्यानं?”

“सगळं सांगितलं.”

“त्येची आई बी बसत न्हाई व्हय, सर?”

प्रशांतची आई बँकेत ऑफिसर होती. दिवसभर खुर्चीवर बसून काम, घरी स्वयंपाकाला बाई. मी वैशालीला तसं सांगितलं.

“मग त्येनं तिला बगून काय ते सांगायचं की,” ती म्हणाली आणि हॉलतिकीट काढून आत गेली.

पुढं मी एकच गोष्ट बदलली. एंट्री पाठवायच्या आधी मुलांना विचारायला लागलो, घरी या विषयावर कोण काय बोलतं? मग बाजू ठरवायची आणि भाषण त्यांनीच लिहायचं. त्यानंतर आमचा एकदाही नंबर आला नाही. दोन वर्षांनी प्राचार्यांनी मुलं तयार करायचं काम दुसऱ्या एका सरांकडे दिलं. ते फार सुंदर लिहितात.