मल्लेश्वरमचा अर्धा तास

महिन्यातून एका रविवारी बेळगावहून पाळकसाहेब येतात. सकाळी यशवंतपूर स्टेशनवर उतरतात, रात्रीच्या गाडीनं परत जातात. जयनगरच्या एका कन्नड चर्चनं आम्हा मराठी माणसांना दुपारची वेळ दिली आहे. तिथं ते आम्हाला प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावानं भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट, देतात. त्यांचा तो एक दिवस आखून द्यायचं काम सात वर्षं माझ्याकडे आहे. मी ते चोख करते, असं सगळे म्हणतात.

मल्लेश्वरमला आमच्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या मावशी एकट्या राहतात. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या घराबाहेर पडत नाहीत. पाळकसाहेबांनी परत जाताना वाटेत त्यांच्याकडे थांबून घरीच प्रभुभोजन द्यायचं, असं ठरलं होतं. मावशी जुन्या वळणाच्या. प्रभुभोजन घेईपर्यंत अन्नाला शिवत नाहीत. आम्ही बाकीच्यांनी तो नेम कधीच सोडला.

सुगीच्या उपकारस्तुतीच्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची पाळी माझी होती. विषय ठरवून दिलेला: संपूर्ण अंतःकरणानं प्रभूची सेवा. मी बरी बोलले. दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. मग अर्पणात आलेल्या फळं-भाज्यांचा लिलाव, जेवण, फोटो. पाळकसाहेबांनीच आठवण करून दिली, "मल्लेश्वरम राहिलं का हो?"

"पुढच्या वेळी नक्की. त्या समजून घेतील," असं म्हणून मी त्यांना मेट्रोत बसवून दिलं. मावशींना फोन करायचं डोक्यात आलं होतं. पण भाड्याची भांडी परत करायची होती.

पुढच्या महिन्यात एक बाप्तिस्मा निघाला, त्यात पुन्हा तेच झालं. फोनही पुन्हा राहिला.

मंगळवारी मावशींच्या कानडी शेजारणीचा फोन आला. "अक्का, तुमचे फादर येणार म्हणून अज्जी दोन्ही वेळा सकाळपासून उपाशी बसल्या. नवी साडी नेसून. परवा चक्कर येऊन पडल्या. शुगर आहे त्यांना, माहीत नाही तुम्हाला?"

माहीत होतं. त्यांच्या औषधांची यादी माझ्याच वहीत होती.

तिसऱ्या महिन्यात मी पाळकसाहेबांना स्टेशनवरून थेट मल्लेश्वरमला नेलं. मावशी कॉटवर बसल्या होत्या, शेजारी उप्पिटाची रिकामी ताटली.

"या, सेक्रेटरीणबाई. आज रस्ता चुकलात?"

"मावशी, आज सगळ्यात आधी तुमच्याकडेच आलो."

"मी खाल्लंय."

पाळकसाहेब प्रभुभोजनाची पेटी उघडत म्हणाले, "खाल्लं तरी चालतं, मावशी. तसा काही नियम नाही."

"तुम्हाला चालत असेल. मी साठ वर्षं उपाशीपोटी घेतलं, आता उप्पीट खाऊन घेऊ?"

"मग पुढच्या महिन्यात आणखी लवकर येतो. तुम्ही उठायच्या आत."

"डॉक्टरनं सांगितलंय, डोळा उघडला की आधी दोन बिस्किटं. तुमची वाट बघत पडले ना, तेव्हापासून." मग माझ्याकडे वळल्या. "तुझी साक्ष कुणीतरी मोबाइलवर पाठवली होती. सगळी ऐकली. वेळच होता मला."

मी म्हटलं, "मावशी, माझं चुकलं."

"हो," त्या म्हणाल्या. "दार ओढून घे जाताना. मांजर येतं."

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि पेटी बंद केली. मावशी त्यांच्या नेमाच्या पक्क्या आहेत, त्यामुळे ती पेटी त्यांच्यासाठी पुन्हा उघडायची नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

मल्लेश्वरमसाठी मी अर्धा तास ठेवला होता. दहा मिनिटांत आम्ही खाली आलो. उरलेल्या वेळात कोपऱ्यावर उभ्या उभ्या कॉफी घेतली. दुपारी प्रभुभोजनाला मी नेहमीसारखी पहिल्या रांगेत होते, पोटभर जेवून.