डावा गुडघा

वडिलांचं वर्षश्राद्ध मी इथे परदेशात, सँडीफोर्डच्या फ्लॅटमध्ये केलं, तेव्हा माझ्या डाव्या खुब्याचा सांधा बदलून जेमतेम दोन महिने झाले होते. विमानप्रवासाला मनाई होती, म्हणून गुरुजी पुण्याहून टॅबलेटच्या पडद्यावर आले. तिकडे त्यांच्या शेजारी आई बसली होती.

फिजिओथेरपिस्टने तीन गोष्टी बजावल्या होत्या. कमरेत फार वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, पाय आत वळवायचा नाही. धर्मकृत्यातून एवढं वजा केलं तर दक्षिणाच उरते, असं मी बायकोला म्हणालो. ती हसली नाही. तिने सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि मला उंच खुर्चीवर बसवलं.

पिंडांची वेळ आली तेव्हा गुरुजी म्हणाले, "पिंड भूमीवर ठेवायचे. खाली उतरा, डावा गुडघा टेकवा. पितृकार्यात डावाच."

भूमी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचं लॅमिनेट. कॅमेऱ्यात माझा फक्त चेहरा दिसत होता आणि पायाचं गुरुजींना कुणी सांगितलेलं नव्हतं. आईला ठाऊक होतं, पण तिने पदर डोळ्यांना लावलेला होता. भाविक माणूस सवलत मागू शकतो. माझ्यासारख्याने मागितली की पळवाट दिसते.

"अरे, नको," बायको म्हणाली. मी दर्भ घेऊन खाली उतरलो, डावा गुडघा टेकवला. वडिलांचा पिंड दर्भावर ठेवायला वाकलो आणि खुब्यात काहीतरी निसटलं. जिन्यात शेवटची पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं. मग कळ आली. मी कुशीवर पडलो. पाय आत वळून आखूड झाला होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

पडद्यावरून गुरुजी म्हणाले, "छान. आता त्यावर पाणी सोडा."

मी गुरासारखा ओरडलो. मुलगी खोलीतून धावत आली. "बाबा, स्टॉप, यू आर स्केअरिंग मी!" आई पडद्याला तोंड लावून विचारत होती, "काय झालं रे? काय झालं?" शेवटी बायकोने टॅबलेट पालथा घातला.

अँब्युलन्सवाला मला म्हणाला, "यू आर ग्रँड." ग्रँड म्हणजे ठणठणीत; इथे मरणाऱ्यालाही ग्रँडच म्हणतात. इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर पडून मी एवढंच मनात म्हणत होतो, पुन्हा कापू नका. पहिल्या वेळी मी त्या शस्त्रक्रियेतून कसाबसा उठलो होतो. दुसऱ्यांदा उठेन असं मला वाटत नव्हतं.

दोन तरुण डॉक्टरांनी गुंगी देऊन पाय ओढला. सांधा बसला नाही. मग वरिष्ठ सर्जन आले. इथे सर्जनला डॉक्टर नव्हे, मिस्टर म्हणतात, आणि मिस्टरांमागे माणसं वरातीसारखी, मानाच्या क्रमाने चालतात. चादर उचलून त्यांनी मागच्या मंडळींना माझा पाय दाखवला. पूर्ण भूल देऊन एकदा ओढून बघू, म्हणाले. नाही बसला तर उघडावं लागेल.

"आणि बसला, पण परत निखळला तर?" बायकोने विचारलं.

"तरीही उघडावंच लागेल," म्हणत मिस्टर वळले. वरातही वळली.

शुद्धीवर आलो तेव्हा बायको कानाशी म्हणत होती, "बसला. न कापता बसला." मला रडू आलं, पण आनंदाचं नव्हतं. तो एकदा निघाला होता. पुन्हा निघायला काय लागतं, हे आता मला माहीत होतं.

सकाळी आईचा फोन आला. "गुरुजींना विचारलं मी. खुर्चीवर बसून चालतं म्हणे."

"कधी विचारलंस?"

"आत्ता."

दुपारी कमरेपासून मांडीपर्यंत पट्टा आवळून फिजिओथेरपिस्टने वॉकर पुढे ठेवला. "उभं राहायचंय. अगदी सावकाश. डाव्यावर भार द्या."

मी पलंगाची कड धरून बसलो. तिने पुन्हा सांगितलं. बायकोने माझ्या दंडाखाली हात घातला. "चल. मी धरलंय."

"जरा थांब," मी म्हणालो.

ती थांबली. बऱ्याच वेळाने फिजिओथेरपिस्टने वॉकर भिंतीला लावला आणि ती म्हणाली, उद्या बघू.