डिलाईल रोडवरची विरळ हवा

बँकेने रजा दिली ती जेमतेम तीन आठवड्यांची. तेवढ्यात नेपाळमधलं आठ हजार मीटरचं शिखर? आमच्या गिर्यारोहण मंडळातले जुने लोक पोटभर हसले. त्यांच्या काळी मोहिमेला दोन-दोन महिने लागायचे, कारण वर-खाली करून अंगाला विरळ हवेची सवय लावण्यातच निम्मे दिवस जायचे. आता ती सवय निघण्याआधी घरीच लावता येते. पलंगावर तंबू, शेजारी आतल्या हवेतला ऑक्सिजन कमी करणारं यंत्र, आणि आपण आत झोपायचं. मंडळातले एक सर म्हणाले, हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. मी हट्टी. तंबू आणलाच. चाळीतल्या आमच्या एका खोलीत तो उभारला आणि आईला पाय पसरायला जागा उरली नाही.

रोज सकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावायचे, विरळ हवेत रक्तातला ऑक्सिजन उतरायला हवा, पण आकडा उतरायचं नाव घेईना. यंत्रवाला तपासून गेला. यंत्र ठणठणीत होतं. एके पहाटे तंबूच्या चेनच्या आवाजाने जाग आली. आई चेन वीतभर उघडून हातपंख्याने आत वारा घालत होती. रोजच घालत होती म्हणे.

"चेडवाचो जीव घुसमटता नि मी बघीत रवू?"

चेडू म्हणजे तिची लेक, मी. माझं डोकं फिरलं, पण आईशी भांडून कोण जिंकलंय? तिलाच आत घेतलं, चेन लावली आणि तिच्या बोटावरचा आकडा उतरताना दाखवला. वर हवा याहून विरळ असते, इथे सवय झाली नाही तर रजा संपेल आणि मी अर्ध्यातून परत येईन, असं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून चेनवर आईचे कपड्यांचे चिमटे लागले. शेजारणी दया येऊन डोकावल्या की आईच त्यांना पिटाळू लागली. आकडा निमूट खाली आला.

रजा संपायच्या आत मी माथ्यावर उभी होते. पाठीवर ऑक्सिजनची बाटली होती, सोबत शेर्पादादा होते. फुशारकी मारत नाही. पण आनंद असा झाला की मी एकटीच मोठ्याने हसत सुटले. सॅटेलाइट फोन लावला. अख्खी चाळ गॅलरीत जमली होती. आईने विचारलं, थयसून काय दिसता? मी म्हटलं, सगळे डोंगर खाली दिसतात.

फोन कानाशीच धरून ती गॅलरीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आयकलास? सगळे डोंगर खाली. माझा चेडू वर."