आईच्या चिमण्यांची मोजणी

दर हिवाळ्यात एका रविवारी सकाळी आमच्या भागातली हौशी मंडळी पक्षी मोजतात. कोणी शिवडीच्या खाडीवर जातं, कोणी भायखळ्याच्या बागेत. ठरलेल्या जागी तासभर बसायचं आणि प्रत्येक जातीचे एका वेळी जास्तीत जास्त जेवढे दिसले, तेवढेच लिहायचे. एकच चिमणी दहा वेळा आली-गेली म्हणून दहा चिमण्या होत नाहीत. हा नियम मला मनापासून पटतो.

मी नेहमी शिवडीला जायचो. यंदा आईने मला चिंचपोकळीची आमचीच चाळ मोजणीसाठी मागून घ्यायला लावली. चाळ पाडायची ठरली आहे. उन्हाळ्यात सगळ्यांना तात्पुरत्या खोल्यांत जायचं आहे. तिसऱ्या मजल्यावर, आमच्या दाराबाहेर, विजेच्या मीटरमागच्या फटीत चिमण्यांची घरटी आहेत. आई रोज त्यांना एका झाकणात तांदळाची कणी घालते.

"नवीन टॉवर उभा राहिला की कोण म्हणणार इथे चिमण्या होत्या?" ती म्हणाली. "तुमच्या त्या कागदावर एकदा येऊ दे. अकरा आहेत."

मी स्वतः एका वेळी सातच्या वर पाहिल्या नव्हत्या.

मोजणीच्या दिवशी मी दुर्बीण घेऊन बाहेर आलो, तर गॅलरी लख्ख धुतलेली होती. आईने शनिवारीच मजलाभर आमंत्रण दिलं होतं. शेजारणी चांगल्या साड्या नेसून कठड्याला टेकल्या होत्या. मुलांचे भांग पाडलेले होते. टोकाच्या खोलीतले काका खुर्ची घेऊनच आले होते. प्रत्येकाच्या हातात खोबरं पेरलेल्या पोह्यांची बशी.

"जरा आत जाता का सगळे? पक्षी बुजतील," मी म्हणालो.

"आम्ही कुठे काय करतोय?" काका म्हणाले. "तू मोज रे. आल्या की सांग, मी चष्मा लावतो."

मी आणखी एकदा विनंती केली, तेव्हा कोणीतरी मलाही खुर्ची आणून दिली.

"मेल्यांनो, गप रवा! चिमण्यो येतत!" आई ओरडली. समोरच्या कौलांवरचे पारवे एकदम उडाले. ते मी मोजून घेतले.

कावळे आले, एक घार वरून गेली, लांब पिंपळावर पोपट दिसले. चिमणी एकही नाही. कणी झाकणात तशीच. आई मीटरकडे बघत उभी होती आणि दर थोड्या वेळाने "आता येतील" म्हणत होती. शेजारची मुलगी म्हणाली, "आजी, तुझ्या चिमण्या लाजल्या." सगळे हसले. आई हसली नाही.

चिमण्या नव्हत्या म्हणून मी माणसं मोजली.

तास संपला, माणसं पांगली आणि मी चिमणीपुढे शून्य लिहिलं. आईने ते पाहिलं.

"शून्य? अरे, रोज येतात त्या! तू या घरात राहतोस की नाही?"

"राहतो. पण या तासात आल्या नाहीत, आई."

"म्हणजे मी खोटं सांगते? माका काय येड लागला?"

तिला वाईट वाटलेलं मला दिसत होतं आणि आकडा बदलता येत नव्हता. एवढ्यात आमच्या गटाच्या प्रमुख बाई कागद गोळा करायला वर आल्या. परळच्या एका शाळेत शिकवतात. आईचा चेहरा बघून त्यांनी मला काय झालं ते विचारलं आणि मग त्या हळूच आईला म्हणाल्या, "काकू, नेहमी किती असतात? एवढं मनाला लागत असेल तर तेवढ्या लिहू."

मी चमकलोच. आईने पदर खोचला.

"नको गो. उपकाराच्या चिमण्या नकोत मला. नाही आल्या त्या नाही आल्या." मग मला म्हणाली, "पण का नाही आल्या, तेही लिही. उगाच कोणाला वाटायला नको, इथे नव्हत्याच म्हणून."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं.

महिनाअखेरीस निकाल मोबाईलवर आला. संध्याकाळी आई झाकणात कणी घालत होती, तेव्हा मी तो तिला वाचून दाखवला. शिवडीचे रोहित पक्षी, बागेतले बगळे, पोपट, घारी. ती नुसतं "हं, हं" करत होती. मग आमची चाळ आली.

"चिमणी, शून्य. मीटरमागे घरटी आहेत. मोजणीच्या वेळी गॅलरीत माणसे चौदा."

आईने कणी घालायची थांबवली. मला वाटलं, शून्य पुन्हा लागलं.

"चौदा कशी?" ती म्हणाली. "मी धरून पंधरा होतो. तू मला सोडलंस."

"सोडलं नाही. ज्यांना बघून चिमण्या आल्या नाहीत, तेवढीच माणसं लिहिली. तुला कुठे घाबरतात त्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं, झाकण मीटरखाली सरकवलं आणि म्हणाली, "मग तूही आत जा आता. त्यांची यायची वेळ झाली."