थेंब पडायलाच हवा

उत्तर जर्मनीतल्या तळ्यांच्या प्रदेशात आम्ही पोचलो तेव्हा विश्वचषक संपून महिना उलटला होता, तरी धक्क्यावरच्या अर्ध्या बोटींवर अजून झेंडे होते. आमच्या हाउसबोटीवर मात्र झेंडा नव्हता. ती लांब, अरुंद आणि हिरवी होती, आणि दोन्ही बाजूंनी खरचटलेली होती. प्रशांतदादा तिच्याभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "पेंट जॉब वाईट आहे."

प्रशांतदादा माझा मावसभाऊ. तो नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. तिथे तयार गाड्यांवर चारी बाजूंनी पाणी मारतात आणि आत एक थेंब जरी सापडला तरी गाडी परत जाते. तो थेंब शोधणं हे दादाचं काम. सहलीची कल्पना त्याचीच होती. मित्रावहिनीचे वडील नागपूरहून आले होते आणि त्यांची परत जायची वेळ झाली होती. "बाबांना एकदा पाण्यातून जर्मनी दाखवू," असं दादा म्हणाला. मी जर्मनीतच गार्चिंगला संशोधन करते. सुट्टी शिल्लक होती आणि नाही म्हणायला कारण पटकन सुचलं नाही, म्हणून मीही निघाले.

अशी बोट चालवायला परवाना लागत नाही, पण आधी मालकाची आइनवायझुंग (बोट कशी चालवायची आणि राखायची याची शिकवणी) घ्यावी लागते. कॅप्टन दादाच होणार हे ठरलेलं होतं. अडचण अशी झाली की दादाचं जर्मन कारखान्यात शिकलेलं, म्हणजे दक्षिणेकडचं, आणि मालक हेर (म्हणजे श्री.) क्र्युगर शब्द चघळत बोलणारे, पक्के उत्तरेकडचे. दोघेही जर्मन बोलत होते आणि दोघांनाही एकमेकांचं काही कळत नव्हतं. दादा "गेनाऊ, गेनाऊ" (बरोबर, अगदी बरोबर) म्हणत मान डोलावत राहिला.

हेर क्र्युगरनी बोटीच्या मागच्या भागातली एक फळी उचलली. खाली इंजिन होतं आणि इंजिनापासून निघालेला एक जाड दांडा बोटीच्या बुडातून बाहेर, पाण्यातल्या पंख्याकडे जात होता. तो दांडा जिथून बाहेर जातो तिथे पाणी आत येऊ नये म्हणून सुती दोरीचे तेलकट वेढे ठासलेले असतात आणि ते दोन नटांनी दाबून धरलेले असतात. या जागेला म्हणतात श्टॉप्फबुक्से (ठासणीची डबी). "पूर्वी यात सूत आणि चरबी भरायचे," ते म्हणाले, आणि मग परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, "इंजिन चालू असताना इथून किती पाणी आत आलं पाहिजे?"

"शून्य!" दादा म्हणाला.

हेर क्र्युगरनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, "थेंब थेंब. दांडा त्यानेच गार राहतो." हे त्यांनीच थोड्या वेळापूर्वी सांगितलं होतं. बाकी कोणी ऐकलं नव्हतं, एवढंच. त्यांनी माझ्या पासपोर्टवरचं नाव बघून ते कॅप्टनच्या रकान्यात लिहून टाकलं.

"वा! मैत्रेयी मॅडम कॅप्टन!" काका, म्हणजे वहिनीचे वडील, टाळ्या वाजवत म्हणाले. "मी तर पहिल्याच दिवशी ओळखलं होतं बाप्पा. जी मुलगी बोलत नाही, ती डोक्यानं चालते."

दादाने गाडीतून स्वतःची पान्यांची पेटी आणली आणि बोटीवर चढवली.

सकाळची कामं वाटून घेतली. तेलाची पट्टी बघणं आणि दांड्याला वंगण देणारी ग्रीसची टोपी एक फेरा फिरवणं माझ्याकडे. पाण्याच्या गाळणीत अडकलेलं शेवाळ आणि गवत काढणं काकांकडे. हे काम काकांना मनापासून आवडलं. ते पाय दुमडून बसायचे आणि अंबाडीची भाजी निवडावी तसं ते गवत निवडून एका बाजूला ठेवायचे. "काहून फेकता? किती कोवळं आहे," असंही एकदा म्हणाले. समोरून बोट आली की तिच्यावरचे लोक हात करायचे. काका उभे राहून खणखणीत "जय भीम!" म्हणायचे. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या जर्मन जोडप्याने तसंच उत्तर दिलं, आणि काकांनी दिवसभर दुसरा विषय काढला नाही.

पहिली श्लॉयझं (दोन्हीकडे दरवाजे असलेलं कुंड, यात पाणी सोडून किंवा भरून बोट खालच्या-वरच्या पातळीवर नेतात) आली तेव्हा माझ्या कॅप्टनपणाची किंमत कळली. आम्ही खाली उतरत होतो. दोर खांबाला घालून नुसता हातात धरायचा आणि पाणी उतरेल तसा सोडत जायचा असतो. वहिनीने तो छान गाठ मारून बांधला, शिवाय वर दुसरी गाठ मारली. पाणी उतरू लागलं, बोट मात्र एका अंगाने वरच राहिली.

"वहिनी, सोडा," मी म्हटलं.

"काय?"

"दोर सोडा."

"अहो, ही काय म्हणते बघा ना!" वहिनीने दादाला हाक मारली. तोवर आतल्या शेगडीवरचं वरण शेगडीवर राहिलेलं नव्हतं. शेवटी श्लॉयझंवरचा माणूसच वरून ओरडत आला आणि त्याने दोर मोकळा केला. बोट धप्पकन खाली बसली. काकांनी शांतपणे पँटवरची डाळ झटकली. भिंतीवर एक सूचना लावलेली होती, ती मी वाचली: दरवाजाच्या दुरुस्तीसाठी शुक्रवारी संध्याकाळपासून श्लॉयझं काही आठवडे बंद. मी सगळ्यांना सांगितलं. आमची गाडी, काकांच्या बॅगा आणि पासपोर्ट, सगळं या श्लॉयझंच्या वरच्या बाजूला, निघालो त्या धक्क्यावर होतं. शनिवारी बर्लिनहून काकांचं विमान आणि पुढच्याच आठवड्यात त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळच्या आत परत यायलाच हवं होतं.

"येऊ ना. घाई काय आहे?" दादा म्हणाला.

मधले दिवस फार सुंदर गेले. कालव्याच्या दोन्ही बाजूंना लव्हाळी, मधूनच एखादं तळं इतकं मोठं की पलीकडचा काठ धुरकट दिसावा. एका कोळ्याच्या टपरीवर रॉइखरफिश (धुरावर भाजलेला मासा) मिळाला. त्यात वाम होती. काकांनी तिच्यावर लिंबू पिळलं, नागपूरचं तिखट भुरभुरलं आणि कोळ्यालाही एक तुकडा दिला. कोळ्याने तो खाल्ला, पाणी प्यायला आणि जरा वेळाने अजून एक तुकडा मागितला.

गुरुवारी दादा इंजिनाजवळून हात पुसत वर आला. चेहऱ्यावर प्रमोशन मिळाल्याचं समाधान होतं. "झाला बंद तो थेंब. चार दिवस डोक्यात जात होता."

"दादा, त्यांनी सांगितलं होतं की..."

"अगं मैत्रू, ते जुन्या पद्धतीचं असतं. लीक म्हणजे लीक."

मी सुकाणूवर जाऊन बसले.

शुक्रवारी दुपारी कालव्याच्या मधोमध जळका वास यायला लागला. मग मागच्या फळीच्या फटीतून धूर. मी इंजिन बंद केलं. बोट वाहत जाऊन लव्हाळ्यात रुतली. फळी उचलली तर दांड्याला हात लावता येईना. वहिनीने ओले टॉवेल टाकले, त्यातून वाफ निघाली. दांडा गार झाल्यावर दादाने नट सैल केले, तेव्हा थेंब नाही, धारच आली. जळून आकसलेले वेढे आता पाणी अडवत नव्हते. त्याने नट पुन्हा आवळले, ते शेवटपर्यंत गेले आणि धार तशीच राहिली. बोटीतला पाणी उपसणारा पंप घुरघुरू लागला. मोबाइलला रेंज नव्हती. श्लॉयझं अजून लांब होती.

"प्रशांतराव, पाणी येऊन राहिलं नं," काका म्हणाले. ते पहिल्यांदाच हसत नव्हते. "लग्नात बाप नसला तर पोरगी काय म्हणेल?"

दादाचा चेहरा पडला. पाना हातात धरून तो नुसता बसून राहिला. मी माझ्या पायांकडे पाहत म्हटलं, "वेढे पूर्ण बदलायला नकोत. वरून एक नवीन घातला तरी चालेल. सुती दोरी आणि चरबी."

"चरबी कुठून आणू इथे?"

"तूप आहे," मी म्हटलं.

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचं सोनंच मागितलं होतं. "ते आईने कढवलेलं साजूक तूप आहे. वर्षभर पुरवायचं आहे मला."

"मित्रा, बेटा, दे," काका म्हणाले. "तुझी आई दुसरं कढवेल. लग्न दुसरं नाही होत."

तूप आलं. दोरी म्हणून सलवारीची सुती नाडी मिळाली. कोणाची, ते मी इथे लिहिणार नाही. वहिनीने तिची तिपेडी वेणी घातली, मी ती तुपात मुरवली, काकांनी टॉर्च धरला. दादाने नट पूर्ण सोडले. पाणी भसाभस आत यायला लागलं. त्या पाण्यात हात घालून, दात आवळून, त्याने वेणीचा वेढा दांड्याभोवती बसवला आणि स्क्रूड्रायव्हरने ठासला. हात मात्र त्याचा कसलेला आहे, हे सांगायला हवं. नट आवळले तशी धार बारीक झाली, मग तुटली. मी इंजिन चालू केलं. टप. जरा थांबून पुन्हा टप.

दादाचा हात आपोआप पान्याकडे गेला. नटाला अजून अर्धा फेरा बाकी होता.

"दादा, पाना खाली ठेव."

मी ओरडले नव्हते. पण सगळ्यांनी वळून पाहिलं, पंपसुद्धा नेमका तेव्हाच थांबला.

"अगं, पण थेंब..."

"थेंब पडायलाच हवा. पाना पेटीत ठेव आणि पेटी बंद कर. बोटीची कॅप्टन मी आहे."

दादाने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "ऑर्डर आहे, जावईबापू." दादाने पेटी बंद केली. मी त्याला फळीवर बसवलं आणि थेंबावर नजर ठेवायला सांगितलं. थेंब थांबला तर ओरड, धार लागली तर ओरड. तो तासाभरात एकदाही उठला नाही.

बोट लव्हाळ्यातून मागे काढून आम्ही इतक्या हळू निघालो की काठाने चालणारी बदकं पुढे गेली. दांडा किंचित तापला तसा साजूक तुपाचा वास सुटला. वास आधी मागे होता, मग पूर्ण बोटभर झाला. "कोणी शिरा करून राहिलं का?" काकांनी विचारलं. दुपारचं कोणीच काही खाल्लं नव्हतं. वहिनी म्हणाली, "करा आता इंजिनावरच."

श्लॉयझंवर पोचलो तेव्हा दुरुस्तीवाले आले होते. पाणी अडवायच्या फळ्या रचून ठेवलेल्या होत्या आणि आमच्याकडचा दरवाजा मिटायला लागला होता. आमच्या बोटीचा भोंगा वाजत नव्हता. तो पहिल्या दिवसापासूनच वाजत नव्हता. मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन "हाल्ट! आम्ही पण आहोत!" असं दोन भाषांत मिळून ओरडले. दरवाजा थांबला आणि परत उघडला.

"वहिनी, बांधू नका, नुसता धरा! पाणी चढेल तसा ओढून घ्या!"

"धरलाय, धरलाय!"

या वेळी पाण्याने आम्हाला सरळ, अलगद वर उचललं. श्लॉयझंवरच्या माणसाने खाली वाकून वास घेतला. "काय तळताय?"

"श्टॉप्फबुक्से," मी म्हटलं. तो समजल्यासारखी मान हलवून गेला.

शनिवारी सकाळी हेर क्र्युगरनी फळी उचलली. बराच वेळ बघितलं, बोट लावून वास घेतला, आणि मग मला घडलेलं सगळं सांगावं लागलं, नाडीसह. त्यांना इतकं हसताना त्यांच्या बायकोनेही पाहिलं नसावं, कारण ती घरातून धावत बाहेर आली. नवीन वेढे तेच बसवणार होते. त्यांनी उरलेल्या तुपाचा डबा हातात घेऊन पाहिला, तेव्हा वहिनीने तो नम्रपणे परत घेतला.

काका विमानात बसले. मी गार्चिंगला परतले. सोमवारी मीटिंगमध्ये नेहमीसारखीच शेवटच्या रांगेत बसले. सहलीने माणूस बदलतो असं लोक लिहितात, तसं माझं काही झालं नाही. फक्त दादा आता घरातलं काही उघडण्याआधी मला फोन करतो. मी सांगते, जसं आहे तसं राहू दे, आणि तो बऱ्याचदा राहू देतो.

लग्न झाल्यावर काकांचा फोन आला. मागे अजून मांडव सोडायची गडबड ऐकू येत होती.

"कॅप्टन मॅडम, एक चांगली बातमी. तुमच्यासाठी तीन ठिकाणांहून विचारणा आली."

"कसली विचारणा?"

"अहो, मी पाहुण्यांना सांगून टाकलं, आमची मैत्रेयी जर्मनीत जहाजावर कॅप्टन आहे. एका मुलाच्या बापानं तर विचारलं, वर्षातून किती महिने जमिनीवर असते."

"काका, तिघांनाही नाही सांगा," मी म्हटलं. "आजच सांगा."

"आवाज वाढला हो तुमचा," काका म्हणाले, आणि फोन हातात धरूनच मांडवाला ओरडून सांगू लागले, "ऐका रे, नाही म्हणते ती!"