शेवंताकाकींचे उजळलेले हात

शेवंताकाकींनी दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाल्या, "साहेब, हे माझे हात नव्हत."

हात चांगले स्वच्छ होते. तीच तर पंचाईत होती.

रत्नागिरीजवळच्या एका काजू फॅक्टरीत मी एचआर बघायचो. काजूच्या कवचात तेलकट चीक असतो, तो कातडी जाळतो. म्हणून कटिंगच्या, म्हणजे काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख चोळून बसायच्या. तरी बोटं काळी पडायचीच. लग्नकार्यात त्या हात पदराखाली लपवायच्या. काकींची हयात त्यात गेली. मग ऑटोमॅटिक मशीन आलं, सेक्शन बंद झाला. सेटलमेंट अगदी नियमात झाली, कुणाची तक्रार नव्हती.

आता त्यांची सून मनीषा त्यांना घेऊन आली होती. सांगत होती, आई रोज पहाटे उठतात, हाताला राख चोळतात आणि मागच्या पडवीत नुसत्या बसून राहतात. घास जात नाही, खंगत चालल्यात. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही.

मी मॅनेजरांकडे गेलो.

"पॅकिंगला घ्या," ते म्हणाले. "जागा आहे. विषय संपला."

विषय कसला संपतोय! पॅकिंगला दिवसभर हातमोजे. काकींनी मान हलवली. "हात हायत का नाय, तेच कळायचं नाय," म्हणाल्या आणि उठल्या.

त्या गेल्यावर मी उगाच कटिंगच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. काय कलकलाट असायचा तिथे! पायाने दाबायचे कटर खटाखट चालायचे आणि त्याच्यावर ह्या बायकांची तोंडं. अर्ध्या वाडीच्या सोयरिकी तिथेच जमल्या. गणपतीच्या रजेवरून दरवर्षी माझ्याशी भांडायच्या, आणि परत येताना माझ्यासाठीच मोदक आणायच्या. 'शांतता राखा' ही पाटी मीच लावली होती. तिला त्या राखेचे हात पुसायच्या. आता मशीन एका सुरात घरघरत होतं आणि ऑपरेटर मोबाइल बघत होता. पाटी पाळली जात होती. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

शिमग्याच्या सुमारास घरच्या झाडांचे पिशवीभर ओले काजू निघाले. ह्यांना तर चीक फारच. एकेक सुरीने चिरून गर काढावा लागतो, तिथे आमचं मशीन चालत नाही. बायको म्हणाली, मी नाही हात लावणार, तुमच्या काकींना विचारा. मी संकोचतच पिशवी घेऊन गेलो.

काकींनी एक काजू काढला, नखाने दाबून बघितला. "मनीषा, राख आण गो." मग सुरी घेऊन बसल्या. मी चहा पिऊन निघालो तरी त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या महिन्यात त्या मला बाजारात दिसल्या. काजूगरांचे वाटे लावून बसलेल्या, शेजारी कटिंगमधल्याच दोघी, तिघींचं कशावरून तरी जुंपलेलं. बोटं काळीकुट्ट, आणि पदराबाहेर. मला इतकं बरं वाटलं की उसळीपुरते घ्यायला गेलो आणि तीन वाटे घेतले.

"पावसात काय करणार?" मी विचारलं.

"पावसात परत उजळतील," काकी हातांकडे बघत म्हणाल्या. "तवा येईन तुमच्या टेबलावर ठेवायला."

माणूस कामावरून कमी झाला की आम्ही एप्रन आणि गेटपास जमा करून घ्यायचो. हातांचं काय करायचं, असा नियम मला रिटायर होईपर्यंत सापडला नाही.