मधल्या खुर्चीत कोण, पिना काढायला कोण

आमच्या खालापूरच्या दुकानात दोन गोष्टी साठतात. एक, विजेनं जळालेले टीव्हीचे बोर्ड, आणि दुसरे किस्से. बोर्ड भंगारवाला वजनावर घेऊन जातो. किस्से कुणी नेत नाही, म्हणून अधूनमधून मलाच जागा करावी लागते!

दुकानात आम्ही दोघंच. मी होम थिएटर बसवतो, स्पीकर कुठं, वूफर कुठं, ते बघतो. लोधिवलीचा संजू वायरिंग आणि अर्थिंग करतो. आमचा हंगाम विचित्र आहे. दिवाळीच्या तोंडावर लोक नवीन वस्तू घेतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत परतीच्या पावसाच्या विजा पडतात. सकाळी एका घरी नवीन बसवायला जायचं आणि दुपारी दुसऱ्या घरून जळालेलं उचलून आणायचं.

नव्या घरात गेलो की माझा पहिला प्रश्न ठरलेला. "तुम्ही बसता कुठं?" पाच स्पीकर कितीही महागाचे घ्या, आवाज नीट लागतो तो एकाच जागेवर. संजूचा प्रश्न वेगळा असतो. "विजा चमकायला लागल्या की टीव्ही-फ्रीजच्या पिना कोण काढतं?"

या दोन्ही प्रश्नांना एकाच माणसाचं नाव आलंय, असं आजवर एकाही घरात झालेलं नव्हतं. मधल्या खुर्चीत बसणारा पिना काढत नाही आणि पिना काढणारीला खुर्ची नसते. हे माझं संशोधन, फुकटात घ्या!

*

कर्जतच्या पलीकडं नदीकाठी मुंबईच्या एका साहेबांचा बंगला आहे. शनिवार-रविवारपुरते येतात. मी टेप धरून मोजमाप केलं आणि मधल्या सोफ्यावर आवाज लावून दिला. काही महिन्यांनी साहेबांचा फोन आला. "आवाज सगळा डावीकडून येतोय. तुमची सेटिंग बिघडली."

गेलो. मधल्या सोफ्यावर त्यांचा कुत्रा पाय ताणून झोपला होता आणि साहेब कडेच्या वेताच्या मोड्यावर अंग चोरून बसले होते.

"सर, तुम्ही मधे बसा. आवाज बरोबर येईल."

"त्याला उठवलं की गुरगुरतो हो."

"मग मोड्याच्या हिशोबानं सेटिंग करून देऊ?"

साहेबांनी कुत्र्याकडं एकदा बघितलं आणि हळूच विचारलं, "केली तर त्याला कमी ऐकू येईल का?"

पिना तिथं वॉचमन काढतो.

*

लोधिवलीचे कांबळे गुरुजी शाळेतून रिटायर झाले तेव्हा मुलानं होम थिएटर घेऊन दिलं. गुरुजी शिस्तीचे. बुद्धमूर्तीच्या फळीवर स्पीकर ठेवायचा नाही, भिंतीला नको तिथं भोक पाडायचं नाही, हे आम्ही चपला काढायच्या आत सांगून झालं होतं. संजू त्यांचा विद्यार्थी. तो त्या घरात शिरला की आपोआप हळू बोलायला लागतो.

सगळं जोडलं. गुरुजींना मधल्या खुर्चीत बसवलं आणि एक पिक्चर लावला. त्यात दोन चोर अंधारात कुजबुजत होते. ती कुजबुज बरोबर मागच्या स्पीकरमधून आली.

गुरुजींनी मानसुद्धा वळवली नाही. "मागं कोण बोलतंय? उभा राहा!"

मागं वायर खोचत बसलेला संजू ताडकन उभा राहिला!

मी म्हणालो, "गुरुजी, तो नाही, पिक्चर बोलतोय." गुरुजींनी वळून संजूकडं पाहिलं आणि म्हणाले, "बस खाली. हाताची घडी घाल."

*

कशेळ्याच्या पुढं, रस्ता सोडून आत एक गाव आहे. तिथं रघुनाथकाका आणि मंदाकाकू राहतात. घरची भातशेती. लेक रेखा बदलापूरला दिलेली. गेल्या वर्षी त्यांचा टीव्ही विजेनं गेला, म्हणून आम्हाला बोलावणं आलं.

काकूंचं म्हणणं एकच. "मी सगल्या पिना काढल्या होत्या रं. गडगडलं तशी भाकर तव्यावर टाकून पलाले!"

संजूनं विचारलं, "आन् छत्रीची वायर?"

"ती कुटं लाईटीची हाय? ती तर चित्राची!"

आमच्या पट्ट्यात निम्मे टीव्ही याच हिशोबानं जळतात. पिन काढतात आणि पत्र्यावरच्या छत्रीची, म्हणजे डिशची, वायर तशीच राहते. संजू म्हणाला, "काकू, विजंला दार लावलं तर ती खिडकीतनं येते."

काका मधल्या खुर्चीत बसले होते. तिथूनच बोलले, "एकच काम हिच्याकडं. त्ये पन नाय झालं."

काकांनी जन्मात एक पिन काढली नव्हती. काकू उठून आत गेल्या. मला तेव्हा काकांचा राग आला होता, पण गिऱ्हाइकावर रागावून चालत नाही.

तेव्हापासून काकूंनी एक नेम धरला. आभाळ भरायच्या दिवसांत घर सोडायचं नाही. कशेळ्याच्या बाजाराला नाही, लग्नाला नाही. आणि या वर्षी नेमकं त्याच दिवसांत रेखाचं दुसरं बाळंतपण आलं. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. लेक रोज फोन करून रडायची, "आई, तू ये." काकूंचं उत्तर ठरलेलं, "मी आले तर पिना कोन काढील?"

त्यांचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो.

*

आमच्या शेजारचे किराणावाले शेठ. त्यांचा फ्रीज दोनदा दुरुस्त करून झाला. संजूनं बजावून बजावून त्यांना विजेचा झटका अडवणारा, चांगल्यातला स्पाइक गार्ड घ्यायला लावला. पुढच्याच पावसात फ्रीज तिसऱ्यांदा गेला.

संजूच्या ते मनाला लागलं. घरी जाऊन बघतो तर फ्रीज सरळ भिंतीतल्या बोर्डात. "शेठ, स्पाइक गार्ड कुठाय?"

शेठनी कपाट उघडलं. आत शालीखाली, खोक्यासकट, वरचं प्लॅस्टिकही न काढलेला!

"एवढा महागाचा," शेठ म्हणाले, "आणि लावल्यावर जळला असता म्हणजे?"

*

अर्थिंगचा खड्डा करायचा म्हणजे आत कोळसा टाकायचा, मीठ टाकायचं आणि तांब्याची पट्टी पुरायची. चौकच्या बाजूला एका अंगणात संजू हे करत असताना शेजारचे आप्पा कुंपणावरून बघत होते. या दोन घरांचं बांधावरून वैर. बोलणं बंद.

संजूनं कोळसा टाकला, आप्पांची मान थोडी वर आली. मीठ टाकलं, आप्पा टाचेवर उभे राहिले. तांब्याची पट्टी निघाली तशी आप्पा घरात गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतः दुकानात आले. इकडंतिकडं बघून खालच्या आवाजात म्हणाले, "काल तिथं काय केलंत?"

"अर्थिंग. वस्तू जळू नयेत म्हणून."

"कुनाच्या?"

"त्यांच्याच!"

आप्पांना ते काही पटलं नाही. "आमच्याकडं पन करा. कोलसा, मीठ, सगलं तसंच. फकस्त त्यांच्यापेक्षा हातभर खोल."

केलं. आप्पांच्या घरात विजेवर चालणारी वस्तू म्हणजे दिवे सोडले तर एक पंखा!

*

आता मंदाकाकू. या वर्षी नवीन टीव्ही आला, सोबत जावयानं होम थिएटरही पाठवलं. आम्ही दोघं गेलो. मी माझा प्रश्न विचारला. काका मधल्या खुर्चीत होतेच. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मी काय, इथं उंबऱ्यावर बरी. इथनं बोर्ड दिसतो."

संजूनं अर्थिंग केलं आणि मेन बोर्डात विजेचा झटका स्वतःवर घेणारा सर्ज प्रोटेक्टर बसवला. त्याला बोटाच्या नखाएवढी खिडकी असते. ती हिरवी असली की तो चालू, लाल झाली की त्यानं मार खाल्ला, बदलायचा. काकूंनी तीनतीनदा हिरवं बघून घेतलं.

"मंग आता पिना नाय काढल्या तरी चालंल?"

मी "हो" म्हणणार, तेवढ्यात संजू बोलला. "काकू, खोटं नाय सांगत. अगदी जवल पडली तर कायच टिकत नाय. काढल्याल्या बऱ्या."

काकूंचा चेहरा उतरला. मी संजूच्या पायावर पाय दिला, पण बाण सुटला होता. बदलापूरला जायला भरलेली पिशवी काकूंनी खुंटीला परत अडकवली. मग खुर्चीतून आवाज आला, "मी काढीन."

काकू काकांकडं बघत राहिल्या. "तुमी?"

"मी. जा तू, पोर वाट बघते."

काकूंनी त्यांना हाताला धरून घरभर फिरवलं. ही टीव्हीची, ही फ्रीजची, ही छत्रीची, ही आधी काढायची. काका मान डोलवत होते. संध्याकाळच्या एसटीनं काकू गेल्या.

चार-पाच दिवसांत व्हायचं तेच झालं. कशेळ्याच्या डोंगराकडून आभाळ उठलं आणि रात्रभर विजा पडल्या. सकाळी काकांचा फोन. आवाज बसलेला. "टीव्ही गेला रं पोरा. पिना परत लावल्या तरी सुरू होत नाय. रेखाला मुलगी झाली, हिचा फोन आला. लय खुशीत हाय. आता ह्ये कसं सांगू?"

पोचलो तर घरभर वायरींचा गुंता. काकांनी टीव्हीची पिन काढली होती, छत्रीची वायर काढली होती. पाचही स्पीकरच्या वायरी मागून उपटल्या होत्या. मिक्सर कपाटात होता. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, त्यातला सेल टेबलावर होता. शेजारी टॉर्चचेही सेल!

संजूनं आधी मेन बोर्ड बघितला. खिडकी हिरवी. मग टीव्हीची म्हणून काकांनी लावलेली पिन बघितली. ती मिक्सरच्या सुट्या वायरची होती, दुसरं टोक मोकळं. टीव्हीची पिन लावली, टीव्ही सुरू झाला. काकांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

मी स्पीकर जोडत आणले. सगळे जागचे हलले होते, म्हणजे सेटिंग नव्यानं करायची. सवयीनं विचारलं, "काका, बसता कुठं?"

आणि वळून बघितलं. काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, चौकटीला पाठ लावून बसले होते.

"मी काय, इथं बरा हाय. इथनं बोर्ड दिसतो."

"आणि खुर्ची?"

"ऱ्हाऊ दे मधीच. ती आली बदलापूरवरनं की फोन करतो. तवा येऊन आवाज लाव."